उघड्या तोंडाची शिंक

माझ्या सासूला शिंकायला मी शिकवलं. चोपन्न वर्षांच्या बाईला शिंकायला काय शिकवायचं, असं कुणालाही वाटेल. पुण्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं सूचनांचा कागद हातात दिला तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. घरी आल्यावर कळलं की सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, परातीएवढी नाचणीची भाकरी थापता येते, भाताच्या रोपांची आवणी येते, नुसत्या कोंबडीच्या ओरडण्यावरून मुंगूस आलंय की कुत्रं ते सांगता येतं. शिंकता मात्र येत नाही. दोन बोटांत नाक धरायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि आलेली शिंक आतल्या आत गिळून टाकायची, ही त्यांची पद्धत. आमच्या घरातल्या सगळ्याच बायका तशा शिंकतात, कारण आमच्या घरात माझे सासरे धर्माजी, म्हणजे मामा, राहतात.

मामा बिबट्याला भीत नाहीत. तो गोठ्यापाशी आला तर काठी आपटत एकटे बाहेर जातात. पण कुठं निघताना कुणी शिंकलं, की तोच माणूस उंबऱ्यातून मागं फिरतो. ओसरीवर बसायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास गेल्याशिवाय उठायचं नाही. आमच्या डिंभ्याला एसटी कधी येईल आणि कधी येणार नाही याचा नेम नाही, त्यामुळे असल्या बसण्यापायी आमच्या घरानं कितीतरी गाड्या सोडल्यात. लग्न होऊन आले तेव्हा मी यावर खूप हसायचे. मी जुन्नरची. लग्नाआधी सहा वर्षं तिथं औषधांच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत आले होते.

तर आत्यांच्या, म्हणजे कोंडाबाईंच्या, डाव्या नाकपुडीतून दीड वर्ष पाणी गळत होतं. आवणीला वाकल्या की थेंब थेंब चिखलात पडायचं. सगळ्यांनी सर्दी म्हटलं. वाफ दिली, हळदीचं दूध दिलं, आणि मी, घरातली अर्धी डॉक्टर, मी चार महिने सर्दीच्या गोळ्या दिल्या. ते आठवलं की अजून माझा मलाच राग येतो. मग एक दिवस आत्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "जया, ह्ये पाणी घशात उतारलं का खारट लागतंय गं." सर्दी खारट पाण्यासारखी एकाच नाकपुडीतून गळत नाही एवढं मला कळत होतं. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्यात दोन-दोन मशिनीत घालून फोटो काढले आणि डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं की हे मेंदूभोवतीचं पाणी आहे.

कुठं पडल्या नाहीत, मार लागला नाही. डोक्यातल्या पाण्याचाच दाब वाढत गेला आणि नाकाच्या वरचं हाड, जे अंड्याच्या टरफलाएवढं पातळ असतं, ते झिजून त्याला भोक पडलं. पाणी गळतं हे त्यातलं कमी काळजीचं. जिथून पाणी खाली येतं तिथूनच नाकातले जंतू वर मेंदूपर्यंत जाऊ शकतात, आणि मेंदूज्वर झाला तर मग माणूस हातात राहीलच असं नाही. हे ऐकताना मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या दिवशी सकाळी पिशव्या भरून आम्ही निघालो, आणि उंबऱ्यात आत्यांनाच शिंक आली. दाबली त्यांनी, पण मामांनी ऐकली. मामा मागं फिरून बसले. मी हातापाया पडले, मग भांडले, भरतनं, माझ्या नवऱ्यानं, बापाला हात धरून उठवायचा प्रयत्न केला. तोवर एसटी निघून गेली. पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. पाच आठवडे मी रोज सकाळी आधी आत्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे आणि मग चहा ठेवायचे. मामांशी मी त्या काळात कामापुरतंच बोलले.

ऑपरेशन झालं. मांडीतला एक तुकडा काढून, नाकातून दुर्बीण घालून, आतल्या भोकाला ठिगळ लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठिगळ चांगलं बसलंय, पण ते धरायला सहा आठवडे लागतील, आणि आता ते सांभाळायचं काम तुमचं. वाकायचं नाही, हंडा उचलायचा नाही, नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही. उशा उंच घेऊन निजायचं. डोक्यातला दाब कमी करणाऱ्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, बोटांना मुंग्या आल्या तरी. आणि शिंक आली तर दाबायची नाही. नाक धरून दाबलेली शिंक सगळा जोर वर ढकलते, ठिगळ उचकटू शकतं. तोंड उघडं ठेवून शिंकायचं.

मी घरी आल्या आल्या आत्यांच्या खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. मिसरीची डबी लपवली. मंचरहून खुर्चीचा संडास आणला. घरातल्या घरात मी फौजदार झाले, आणि रोज दोनदा शिंकण्याची प्रॅक्टिस घेतली. "आ करा, आत्या. मोठा. अजून मोठा." त्या आ करायच्या, मग हसायच्या, मग मी रागवायचे. आठ दिवसांनी पहिली खरी शिंक उघड्या तोंडानं आली तेव्हा गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. हर्षाली, माझी नणंद, हसून हसून खाली बसली. मामा उठून परसात गेले. आत्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "बरूबर झाली का?" मी म्हटलं, पास.

घरी आल्यापासून तेविसाव्या दिवशी हर्षालीचं कुंकू होतं, म्हणजे साखरपुडा.

स्थळ लेण्याद्रीच्या पायथ्याकडचं. मुलगा ऋतिक, वडील सोमाजी, त्यांची प्रवासी वाहतुकीची जीप. तारीख पुढं ढकलू, असं मी म्हणून पाहिलं होतं. पण आत्यांनीच ऐकलं नाही. त्याला कारण होतं. मागल्या वैशाखात हर्षालीचं दुसरं एक स्थळ जमत आलं होतं. कुंकू लावायला बोट पुढं आलं आणि नेमकी त्याच वेळी आत्यांना शिंक आली, दाबायला उसंतच मिळाली नाही. आठ दिवसांत निरोप आला, पत्रिका जुळत नाही. त्या पोराचं आधीच दुसरीकडं ठरत होतं हे नंतर सगळ्यांना कळलं, तरी आमच्या घरात ते आत्यांच्या शिंकेवरच राहिलं. आत्यांनी स्वतःच ते आपल्या माथ्यावर घेतलं होतं.

त्या सकाळी माझी नुसती धावपळ चालली होती. पुरणाचा घाट, पन्नास पानं, भरत मांडवाच्या ताडपत्रीशी झगडत होता. आत्या पाठीला उशी लावून खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांना शिंक आली. शिकवल्याप्रमाणे, उघड्या तोंडानं, आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. ओसरीवरचे मामा दचकले. माझ्या डोळ्यांपुढं पाहुणे आले, पाटावर बसलेली हर्षाली आली, आणि मी कढईवरून नजर न उचलता म्हणून गेले, "आत्या, आजच्या दिवस तेवढं शिंकू नका बाई."

गमतीत म्हटलं होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. मला भीती वाटली होती. सहा वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिलेली मी, मला हर्षालीच्या कुंकवाला शिंक नको होती.

पाहुणे साडेअकराला आले. जीपमधून नऊ जण उतरले, त्यात ऋतिकची आजी बयाबाई, पांढऱ्या पातळातली, काटक, नजर सगळीकडं. हर्षालीला पाटावर बसवलं. आत्यांची खुर्ची मी मुद्दाम दाराशी, वाऱ्यावर ठेवली होती. पण कुणीतरी नेमकी तिच्याच पायाशी उदबत्त्यांची अख्खी जुडी पेटवून ठेवली. मी साखरेचं ताट घेऊन समोरच्या खांबाला उभी होते. मुलाच्या चुलतीनं करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं, आणि मी सहज आत्यांकडं बघितलं.

त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या. मी मनात म्हणत होते, आ करा, आ करा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सरळ माझ्याकडंच, आणि पदराआडून दोन बोटांत नाक धरलं. ओठ मिटले. खांदे एकदा वर उडाले. आवाज काही झाला नाही. चुलतीचं बोट हर्षालीच्या कपाळाला टेकलं, बायकांनी हळद लावली, ओटी भरली, कुणीतरी "साखर, साखर" म्हणालं. मी ताट फिरवलं. ताट कललं होतं आणि साखर एका कडेला गोळा होत होती.

ताट ठेवून मी आत्यांपाशी गेले. त्या हसतमुख बसल्या होत्या, पण पदराचं टोक नाकाखाली होतं. "चला, गोळीची वेळ झाली," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. पदर बाजूला केला. डाव्या नाकपुडीच्या कडेला एक थेंब लोंबत होता, स्वच्छ, पाण्यासारखा. मी बघत असतानाच तो गळाला आणि त्याच्या मागं दुसरा आला.

"सर्दी आसंल," आत्या म्हणाल्या.

"घशात कसं लागतंय?"

त्यांनी पदर पुन्हा नाकाखाली घेतला. मी पुन्हा विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाल्या, "खारट."

दवाखान्यातल्या सिस्टरनं एक साधी खूण सांगितली होती. शेंबूड रुमालावर वाळला की खळ घातल्यासारखा कडक होतो. हे पाणी वाळलं तरी कापड मऊच राहतं. तेवढ्यावर नक्की होत नाही, खरं तपासणीतच कळतं, पण घरच्या माणसाला सावध व्हायला पुरतं. मी भरतचा धुतलेला पांढरा रुमाल त्यावर धरला, चार-पाच थेंब पडू दिले आणि मागच्या दारी कुडावर उन्हात टाकला. बाहेर माणसं हसत होती, पंगतीच्या पट्ट्या अंथरल्याचा आवाज येत होता. मेंदूज्वरात मान आखडते, म्हणून मी आत्यांची मान हळूच पुढं वाकवून बघितली, हनुवटी छातीला टेकत होती. कपाळ थंड होतं. डोकं दुखतंय का विचारलं, तर थोडं, म्हणाल्या.

"दाबलीत ना शिंक?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "तीन आठवडे रोज दोनदा घसा कोरडा केला मी. का दाबलीत?"

आत्यांनी माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "तूच म्हनली न्हवं का, आजच्या दिवस शिंकू नका? म्या म्हनलं, तुला दवाखान्यातलं समदं कळतंय. तू म्हंतीयास म्हंजी येक दिवस चालत आसंल."

घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही शब्दावर त्या एवढ्या विसंबल्या नसत्या. कुंथू नका म्हटलं तर कुंथल्या नाहीत, मिसरी सोडा म्हटलं तर चाळीस वर्षांची मिसरी एका दिवसात सोडली, आणि शिंकू नका म्हटलं तर शिंकल्या नाहीत. माझी चूक होती. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नव्हती.

रुमाल वाळला. मी बोटांत चुरगळून बघितला. धुऊन वाळवलेल्या कापडासारखा मऊ होता, नुसतं एक फिकट वर्तुळ उमटलं होतं.

घरात रेंज येत नाही. मी आत्यांना उशांना टेकवून बसवलं, हर्षालीला खुणेनं आत बोलावून त्यांच्याजवळ बसवलं आणि मागच्या वाटेनं पाण्याच्या टाकीकडं पळाले. तिथं दोन दांड्या येतात. वॉर्डच्या सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. ताप? नाही. मान? वळते. उलटी? नाही. ती म्हणाली, "तरी आजच आणा, थांबू नका. डोकं उंच ठेवा, वाकू देऊ नका, त्यांना काही उचलू देऊ नका. आणि परत शिंक आली तर तोंड उघडं." मी अँब्युलन्सला फोन लावला; ती एका बाळंतिणीला घेऊन गेली होती, यायला दोन तास तरी लागतील असं कळलं. एसटी चारला, आली तर. भरतच्या मोटारसायकलवर या रस्त्यानं आत्यांना बसवणं म्हणजे ठिगळाचे उरलेले टाके आपल्या हातानं उसवणं.

गावात त्या घडीला एकच गाडी उभी होती, आणि ती पाहुण्यांची.

भरतला मी मांडवाच्या मागं गाठून सगळं सांगितलं, जीप मागू म्हटलं. तो पांढराफटक पडला. मग म्हणाला, "पंगत बसतीय. तासाभराचा प्रश्न आहे, जया. जेवून उठले की मी स्वतः सोमाजीरावांना बाजूला घेऊन सांगतो. आत्ता सांगितलं तर सगळं सांगावं लागंल. कुंकू लावताना शिंक आली होती म्हणून सांगणार का तू?"

"ताप कधी चढंल ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"हर्षालीचं दुसऱ्यांदा मोडलं तर?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तशीच आत गेले. आत्यांनी भरतचा आवाज ऐकला असावा. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "पावनं जेवून जाऊं दे, जया. माझ्या लेकीचं व्हऊं दे. म्या अशीच टेकून बसती, हालत सुदिक न्हाई." नाकाखाली पदर, पदरावर ओला डाग आणि डोळ्यांत एवढी गयावया, की क्षणभर मलाही वाटलं, एक तास. एक तासानं काय होतं. सकाळीही मला असंच वाटलं होतं, एक दिवसानं काय होतं.

हर्षाली नव्या साडीत, कपाळावर ताजं कुंकू घेऊन खाटेच्या कडेला बसली होती. तिला सगळं कळलं होतं. ती उठली, आईच्या दोन उशा काखेत मारल्या, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं जीपकडं निघाली.

मग मी मांडवात गेले. पहिली पंगत बसली होती, पानांवर वाढणं चाललं होतं. सोमाजी बसले होते त्यांच्यापुढं जाऊन मी उभी राहिले. "काका, तुमची जीप लागेल. आत्यांना आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायचंय."

वाढणं थांबलं. पलीकडून बयाबाईंनी विचारलं, "काय झालं गं यकायकी?"

"त्यांचं ऑपरेशन झालंय ते तुम्हाला माहीत आहे. ते ठिगळ सुटलंय बहुतेक. नाकातून पाणी यायला लागलंय. शिंक आली होती ती त्यांनी दाबली, म्हणून."

"कवा आली व्हती?"

मामा वाढायची बादली हातात घेऊन पंगतीच्या टोकाला उभे होते. भरत खाली बघत होता. मी म्हटलं, "कुंकू लावताना, आजी. आणि दाबा म्हणून सकाळी मीच सांगितलं होतं. दवाखान्यानं सांगितलेलं मी मोडलं. त्यांचा काही दोष नाही, आणि हर्षालीचा तर नाहीच नाही."

बयाबाईंनी सोमाजींकडं बघितलं. सोमाजींनी पानावरचा हात झटकला, घास न घेता उठले आणि खिशातून किल्ली काढली. "फुडल्या शीटवं बसवा त्यास्नी. ती शीट मागं कलती, डोकं ऱ्हाईल नीट." एवढंच म्हणून ते जीपकडं चालू लागले. त्या माणसाचे पाय धरावे असं मला वाटलं.

भरत आणि मी आत्यांना दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणलं. सगळी पंगत अर्ध्यातूनच उठून ओसरीपाशी जमा झाली होती. मामा औषधांची पिशवी घेऊन उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. सोमाजींनी जीप चालू करून दारापर्यंत आणली होती. आत्यांनी उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकला, आणि थांबल्या.

त्यांचा चेहरा मी ओळखला. नाकपुड्या थरथरायला लागल्या होत्या. आत्यांनी आधी मामांकडं बघितलं, मग बयाबाईंकडं, आणि त्यांचा हात पदरासकट वर यायला लागला. त्यांचा तो हात माझ्याच हातात होता. मी ओढून धरला असता, पण धक्का बसायची भीती वाटली. मी नुसतं त्यांच्या कानाशी म्हणाले, "आत्या. आ करा."

हात तसाच अर्ध्यात थांबला. आत्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, मोठं, अजून मोठं, आणि शिंकल्या. सगळ्या पाहुण्यांसमोर, उंबऱ्यात, निघायच्या घडीला, अख्ख्या आळीत ऐकू जाईल अशी शिंक. नाकातून पाण्याची धार ओठावर आली.

सोमाजींचा हात गियरवरून खाली आला; बरीच वर्षं गाडी चालवणारा माणूस, त्याचाही काही नेम असेलच. बयाबाई सवयीनं ओसरीच्या कडेवर टेकल्या. दुसऱ्या बाजूची भरतची पकड सैल झाली. मी मामांकडं बघितलं आणि मला ऑपरेशनची तारीख चुकली तो दिवस आठवला. ते बसले तर आज मी त्यांना काय बोलेन ते माझं मलाच सांगता येत नव्हतं.

मामांनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पुढं आले आणि चार माणसांत, जे मी त्या घरात कधीच बघितलं नव्हतं, स्वतःच्या हातानं आत्यांचं नाक आणि ओठ टिपले. हळू, दाब न देता. मग पिशवी पुन्हा उचलली.

"काय न्हाई," ते म्हणाले, कुणाकडं न बघता. "तिला सूनंनी शिकीवलंय तशी शिंकली ती. गाडी काढा, पावनं."

बयाबाई ओसरीवरून उठल्या. "काढ रं सोमा," त्या म्हणाल्या, "आन् पोरीच्या कुंकवाची काय काळजी करू नगा. आमी जेवून जातो." मग मांडवाकडं वळून त्यांनी बायकांना भात वाढायला सांगितलं.

पुढचं सगळं नंतरचं. ठिगळाचा एक कोपराच उचलला होता. पाठीत बारीक नळी घालून पाच दिवस थोडं थोडं तेच मेंदूभोवतीचं पाणी काढलं, वरचा दाब उतरला आणि ठिगळ पुन्हा बसलं. दुसरं ऑपरेशन लागलं नाही. कशानं झालं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा आत्या पटकन म्हणाल्या, "म्या वाकले व्हते." मी खरं सांगितलं. बाईंनी नव्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं, शिंक दाबायची नाही, कुठल्याही दिवशी. तो कागद मामांनी ओसरीवर चिकटवलाय.

पण त्या दुपारी जीपमध्ये यातलं काहीच माहीत नव्हतं. डिंभे धरणाच्या भिंतीपासून रस्ता खाली उतरतो तिथं सोमाजी प्रत्येक खड्ड्याला गाडी थांबल्यासारखी करत होते. मामा मागं पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, एकदाही मागं वळून घराकडं न बघता. मी सीटच्या मागून आत्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि दर दोन मिनिटांनी कपाळाला बोटं लावत होते. घोडेगाव दिसायला लागलं तेव्हा आत्यांनी डोळे उघडले.

"जया," त्या म्हणाल्या, "नीट शिंकली न्हवं म्या?"

"एकदम नीट, आत्या," मी म्हटलं. आणि त्यांचं डोकं हलू नये म्हणून डोळे न पुसता तशीच रडत राहिले.